दप्तरातून निसटलेले नाव

शासनाच्या दप्तरात सांकेतिक नावे नित्य जन्मास येतात आणि कामगिरी संपताच विस्मृतीत जातात. स्वीडनमध्ये मात्र असे एक नाव दप्तरातून निसटले आणि तरुणांच्या ओठांवर जाऊन बसले.

१९७५ साली स्टॉकहोममधील पश्चिम जर्मन वकिलातीवर सशस्त्र हल्ला झाला. पकडलेल्या हल्लेखोरांना स्वीडनने जर्मनीस परत पाठविले. त्याचा सूड म्हणून एका माजी मंत्रिणीला पळविण्याचा कट शिजला. १९७७ साली तो फसला व धरपकड झाली. या कारवाईसाठी पोलिसांनी योजिलेला संकेत होता ‘एब्बा ग्रोन’. एब्बा हे तिकडील स्त्रीचे नाव. ग्रोन म्हणजे हिरवा.

त्याच वर्षी स्टॉकहोमच्या दक्षिणेस, रोग्स्वेद या उपनगरात, युआकिम तोस्त्रम, लेनार्ट एरिक्सन व गुन्नार युंगस्टेट या तिघा तरुणांनी आपला वाद्यवृंद उभारला आणि हेच नाव धारण केले. पंक संगीताची लाट तेव्हा इंग्लंडातून नुकतीच येऊन थडकली होती. ‘सेक्स पिस्टल्स’ या वृंदाने त्याच उन्हाळ्यात स्वीडनचा दौरा केला होता. या संगीतात वादनाच्या नैपुण्यास फारसे महत्त्व नाही. मोजके सूर, द्रुत लय आणि मनातील संताप एवढ्या भांडवलावर कोणीही उभे राहावे, हाच त्याचा दंडक.

हा संताप तरी कशाचा? स्वीडन हे कल्याणकारी राज्य. घर, शाळा, औषधपाणी यांची तेथे ददात नव्हती. पण आपल्या आयुष्याचे निर्णय दुसरेच कोणी घेतात, ही खंत उपनगरातील मुलांना जाळीत होती. ती त्यांनी मायबोलीतच गाइली. १९८० साली त्यांनी ‘राज्यसंस्था आणि भांडवल’ हे ‘ब्लो तोगेत’ या वृंदाचे १९७२ मधील गीत नव्या आवेशाने गाइले. सरकार आणि धनिक यांचे संगनमत हा त्याचा विषय. मूळ गीतापेक्षा हेच गायन पुढे अधिक लोकप्रिय झाले.

हे बंड गाण्यापुरते नव्हते. सक्तीची लष्करी सेवा नाकारल्याबद्दल एरिक्सनला कारावास भोगावा लागला. १९८३ साली वृंद विसर्जित झाला. तोस्त्रम व युंगस्टेट ज्या नव्या वृंदात गेले, त्याचे नाव होते ‘इम्पेरिएत’, म्हणजे ‘साम्राज्य’!

सहा वर्षे आणि तीन ध्वनिमुद्रिका, एवढाच हा संसार. माझ्यासारख्या दप्तरात वावरणाऱ्या माणसास त्यातून एक गोष्ट उमगते. आपण कागदावर लिहिलेला शब्द आपल्याच मालकीचा राहतो असे नाही. ज्यांच्यावर आपण राज्य चालवितो, तेही तो उचलतात आणि आपल्यालाच ऐकवितात.