नर्सिंगच का?

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत एकच हिशेब मांडला जातो. एवढ्या मार्कांवर सरकारी एमबीबीएस मिळणार नाही, खासगी कॉलेजची फी झेपणार नाही, मग पुढं काय? कुणीतरी मामा किंवा शेजारच्या काकू म्हणतात, "नर्सिंगला घाला. नोकरी तरी हमखास लागेल." बी.एस्सी. नर्सिंगच्या वर्गात बसलेल्या अनेक मुली आणि आता बरेच मुलगेही याच वाटेनं आलेले असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पोटापाण्याचा विचार करून निवडलेलं काम मनापासून करता येत नाही, असं मला कधीच वाटलेलं नाही.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. नव्या वर्गाला मी हमखास विचारते, "तुम्ही इथं का आलात?" कागदावर उत्तरं येतात ती एका साच्यातली. रुग्णसेवेची आवड, समाजाची सेवा, लहानपणापासूनचं स्वप्न. मुलाखतीत असंच सांगायचं असतं, हे कुणीतरी शिकवून ठेवलेलं असतं. खरी उत्तरं मिळतात ती पुढं, वॉर्डातल्या पोस्टिंगला, दुपारची औषधं देऊन झाल्यावर नर्सिंग स्टेशनपाशी उभं राहून बोलताना.

बीड जिल्ह्यातली एक मुलगी. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, ही आजीजवळ गावात राहायची. ती म्हणाली, "मॅडम, लसीकरणाला अंगणवाडीत सिस्टर यायच्या. एकट्या, स्कूटीवर. गरोदर बायांचं बीपी बघायच्या, वजन करायच्या आणि सासवांना ठणकावून सांगायच्या, हिला बाळंतपणाला दवाखान्यातच न्यायचं. आमच्या गावात सासूला असं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं." तिला सिस्टरचा तो अधिकार हवा होता. ज्ञानातून आलेला, बाईच्या अंगावर शोभून दिसणारा अधिकार. मला हे उत्तर आजवर ऐकलेल्यांपैकी सगळ्यांत मोलाचं वाटतं.

चंद्रपूरकडच्या एका मुलाचे वडील अर्धांगवायूनं आयसीयूत होते. डॉक्टर राउंडला येऊन जायचे. उरलेला सगळा वेळ वडिलांजवळ कोण असतं, ते तो काचेतून बघत बसायचा. तिथला ब्रदर नाकातल्या नळीतून पातळ अन्न देण्याआधी, अंग पुसण्याआधी, कुशीवर वळवण्याआधी सांगायचा, "काका, आता कूस बदलतो हं." वडील शुद्धीवर नव्हते. "बेशुद्ध माणसाशी बोलत होते, मॅडम," हे सांगताना त्याचा आवाज अजून बदलतो. बेशुद्ध रुग्णालाही कदाचित ऐकू येत असेल असं धरूनच त्याच्याशी बोलायचं असतं, हे नर्सिंगच्या पुस्तकात आहे. त्यानं ते पुस्तकाआधी पाहिलं.

आज ही मुलं घरच्यांना न घाबरता अर्ज भरतात, त्यामागं मोठा इतिहास आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या श्रीमंत घराला मुलीनं रुग्णालयात काम करणं हा कमीपणा वाटत होता. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मरतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. आपल्याकडची अडचण आणखी खोल होती. परक्या पुरुषाला हात लावणं, मलमूत्र काढणं, जातीचा विचार न करता कुणालाही भरवणं, रात्री घराबाहेर राहणं, ही सगळी कामं 'चांगल्या घरच्या' बाईला वर्ज्य. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी हे सगळं बाजूला सारलं. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडं परिचारिकेचं प्रमाणपत्र नव्हतं, पण महाराष्ट्रातल्या नर्सिंगची गोष्ट सांगताना मी त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

पुढं रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं आणि स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, परिचारिकेचं शिक्षण घेण्याचा मार्ग मोकळा केला. त्यांना घरोघरी समजूत काढावी लागली. तो विरोध पुरता गेला आहे, असं म्हणवत नाही. लग्नाच्या बैठकीत आजही विचारतात, "नाइट ड्युटी सोडणार ना?"

कुठल्याही कारणानं आलेली मुलं पहिल्या वर्षी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. 'नर्सिंग फाउंडेशन' या विषयात पलंग घालायला शिकवतात. कित्येकींचा चेहरा उतरतो. एवढं शिकून चादरी घालायच्या? मग एकेक गोष्ट उलगडते. चादरीला सुरकुती राहिली, ती ओली राहिली, रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिला, की माकडहाडापाशी, टाचेपाशी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. रक्तपुरवठा तुटतो. आधी लाली, मग फोड, मग हाडापर्यंत जाणारी जखम, म्हणजे शय्याव्रण. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, कातडी बघायची, चार्टवर वेळ लिहायची. चांगलं काम झालं तर दिसायला काहीच नसतं, फक्त धड कातडी.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण मुंबईत घडलं. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, त्यांची काळजी घेणारे हात बदलले, पण इतकी वर्षं त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत. ही घटना वर्गात सांगते तेव्हा मी दोन गोष्टी सांगते. परिचारिका कामाच्या जागी सुरक्षित नव्हती, आणि तिच्या सहकारी परिचारिकांनी काय करून दाखवलं. यातली एक झाकून दुसरी सांगणं मला पटत नाही.

सलाइनचंही तसंच. पाचशे मिली सलाइन चार तासांत द्यायचं आहे, सेटमधून पंधरा थेंबांचा एक मिली पडतो, तर मिनिटाला थेंब किती? पाचशे गुणिले पंधरा, भागिले दोनशे चाळीस. एकतीस. गणित सोपं आहे, पण विद्यार्थिनी घड्याळ हातात धरून, ओठांतल्या ओठांत मोजत चेंबरकडं बघत उभी राहते आणि नळीवरचं चाक किंचित पुढं-मागं करते. हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्याला तेच सलाइन भरभर गेलं तर फुप्फुसांत पाणी होऊ शकतं, हे कळतं त्या दिवशी 'नोकरी लागेल म्हणून आले' आणि 'सेवेची आवड' या दोन्ही उत्तरांतलं अंतर नाहीसं होतं. त्या एकतीस थेंबांची जबाबदारी तिच्यावर असते. प्रेरणा ही प्रवेशाच्या वेळी घेऊन यायची वस्तू आहे, असं आपण उगाच धरून चालतो. माझ्या पाहण्यात ती बहुतेकदा वॉर्डात तयार होते.

कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांचं नाव मुलांना माहीत असतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी रुग्णालयात शिरले तेव्हा त्यांच्या वॉर्डात २० गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी त्या सगळ्यांना पॅन्ट्रीत नेऊन सुरक्षित ठेवलं. एकीला कळा सुरू झाल्या, तर बाहेर गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेनं तिला प्रसूतिगृहात नेलं. नंतर कसाबविरुद्ध साक्ष देताना त्यांनी गणवेशात येऊ देण्याची विनंती केली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढंही त्या बोलल्या. हे ऐकताना मुलं ताठ बसतात, आणि बसावंच.

पण धाडसाच्या गोष्टी सांगून पगाराचा प्रश्न मिटत नाही. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये शिफारस केली, की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही महिना २० हजारांपेक्षा कमी वेतन असू नये आणि २०० खाटांवरच्या रुग्णालयात ते सरकारी वेतनाच्या बरोबरीचं असावं. आमच्या पास झालेल्या मुली लहान शहरांतल्या खासगी दवाखान्यांत याहून बऱ्याच कमी पगारावर लागतात. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागं एक परिचारिका हे सरकारी मानक, आणि रात्रपाळीत एकीच्या भरवशावर अख्खा वॉर्ड असतो. "तुम्ही तर सेवाभावानं आलात," असं म्हणून या मुलींची तोंडं बंद केली जातात, तेव्हा मला मनस्वी राग येतो.

मग त्या परदेशाची वाट धरतात, आणि त्यांना बोल लावायचा अधिकार कुणाला आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५९ लाखांची तूट होती. केरळच्या मुलींनी परदेशाची दारं कधीच ओलांडली. आता आपल्या मुली त्यासाठी लागणाऱ्या एनक्लेक्स, ओईटी या परीक्षांची तयारी करतात, जर्मनीसाठी बी-टू पातळीपर्यंत जर्मन शिकतात. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत. दुसरीकडं, गावाजवळ राहायचं असणाऱ्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची संधी आहे. बीडच्या मुलीचा डोळा त्या पदावर आहे.

सल्ला विचारायला येणाऱ्या पालकांना मी काही गोष्टी आवर्जून तपासायला सांगते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल तर चार वर्षांचं बी.एस्सी.; इतर शाखांतल्या मुलींना तीन वर्षांची जीएनएम ही नर्सिंगची पदविका आहे. कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्या यादीतच पाहावं, माहितीपत्रकात नव्हे. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का आणि त्यात खरोखर रुग्ण भरती असतात का, हे समक्ष जाऊन बघावं. रिकाम्या खाटांवर कुणी नर्सिंग शिकत नाही. वसतिगृहातून रात्रपाळीला न्यायला-आणायला गाडी आहे का, हे विचारायला लाजू नये. आणि जमलं तर परवानगी काढून मुलीला जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात एकदा सकाळी न्यावं, रात्रीची सिस्टर दिवसपाळीच्या सिस्टरला एकेका खाटेपाशी जाऊन हँडओव्हर देत असते त्या वेळी. अर्ज भरण्याची मुदत त्यानंतरही शिल्लक राहील, एवढं आधी जावं.