पायात गोळा नेमका केव्हा येतो?

पहाटे तीन-साडेतीनची वेळ. झोपेत आळस देण्यासाठी पाय ताणला जातो आणि पोटरीत एकाएकी जीवघेणी कळ येते. स्नायू दगडासारखा घट्ट होतो. कुणाच्या पायाची बोटे वळून एकमेकांवर चढतात, तर कुणाचा तळपाय आतल्या बाजूला आखडतो. घरातले जागे होतात, कुणी पाय दाबते, कुणी तेल आणते. दोन-तीन मिनिटांत सारे शांत होते, पण पोटरी दुसऱ्या दिवशीही ठणकत राहते. कुणी याला गोळा म्हणते, कुणी पेटका, कुणी वांब.

ओपीडीत ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण निदान स्वतःच करून आलेले असतात : ‘डॉक्टर, माझं कॅल्शियम कमी झालंय.’ अनेकांच्या पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटेही असतात. अशा वेळी सर्वांत उपयोगी प्रश्न एकच असतो. गोळा केव्हा येतो? रात्री झोपेत, घाम गाळून काम केल्यावर, चालताना, की एखादे औषध सुरू झाल्यापासून? बरेचसे निदान या उत्तरात दडलेले असते.

रात्रीचा गोळा

पन्नाशीनंतर रात्री कधी ना कधी गोळा आलाच नाही, अशी व्यक्ती विरळा. त्यामागे बहुतेकदा गंभीर आजार नसतो. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या ज्या नसा स्नायूंना आकुंचनाचा आदेश देतात, त्या अचानक अतिउत्तेजित होऊन एकामागून एक संदेश धाडू लागतात. झोपेत आपली पावले खाली झुकलेली असतात, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. त्यात हा आदेश आला की त्याचा गोळा होतो.

आपल्या पट्ट्यातील दिनक्रम यात भर घालतो. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. डोंबिवलीला गाडीत शिरलेला माणूस अनेकदा ठाणे, दादर करत शेवटपर्यंत उभाच असतो. संध्याकाळी पुन्हा तेच. दुकानातील विक्रेते, सुरक्षारक्षक, वाहतूक पोलीस यांचे मधले आठ-दहा तासही उभ्यानेच जातात. ढिली चपल निसटू नये म्हणून बोटांनी ती धरून चालणाऱ्यांची बोटे दिवसभर आवळलेली राहतात. थकलेला आणि कधीच पुरेसा न ताणला जाणारा स्नायू रात्री तक्रार करतो.

गोळा आल्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे स्नायू उलट दिशेने ताणणे. गुडघा सरळ ठेवून पाऊल आणि बोटे हाताने स्वतःकडे ओढावीत. उठता येत असेल तर टाच जमिनीवर टेकवून उभे राहावे. स्नायू ताणला गेला की त्याच्या टोकाशी असलेल्या संवेदकांकडून ‘आता सैल हो’ असा संदेश जातो. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याच्या घरगुती उपायाने आराम वाटत असेल तर हरकत नाही. मात्र मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेल्यांनी गरम पाण्याची पिशवी वापरू नये. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते.

गोळा येऊच नये म्हणूनही हाच ताण उपयोगी पडतो. २०१२मध्ये नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील ८० व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात, सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरी व मांडीच्या मागचे स्नायू ताणणाऱ्यांचे पेटके संख्येने आणि तीव्रतेनेही कमी झाले. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभे राहा, तळहात भिंतीवर टेका, टाचा न उचलता पुढे झुका. दहा सेकंद थांबा. असे तीन वेळा करा. खर्च शून्य.

घामाचा गोळा

१९२०च्या दशकात ब्रिटनमधील खोल, उष्ण कोळसा खाणींतील मजुरांना काम करता करता भयंकर पेटके येत. घामावाटे मीठ जात होते आणि ते तहान भागवत होते नुसत्या पाण्याने. पाण्यात थोडे मीठ घातल्यावर त्रास कमी झाला. भिवंडीच्या यंत्रमागांवर, डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांत भट्टीजवळ किंवा मे महिन्यात बांधकामावर राबणाऱ्यांना हाच नियम लागू आहे. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा एक लिटर पाण्यात विरघळवलेले ओआरएसचे पाकीट त्यांनी जवळ ठेवावे. मात्र कार्यालयात बसून काम करणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाने गोळे येतात म्हणून मीठ वाढवू नये.

चालताना येणारा गोळा

सर्वांत जास्त सावध व्हायचे ते इथे. स्टेशनचा पूल चढताना किंवा ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी आवळते, दोन-चार मिनिटे थांबले की बरे वाटते, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तेच. हा साधा पेटका नसण्याची शक्यता मोठी आहे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना स्नायूला लागणारे वाढीव रक्त मिळत नाही आणि तो कळवळतो. बिडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, उच्च रक्तदाब असणारे यांत पुढे असतात. असा रुग्ण वर्षभर कॅल्शियम खात बसला, तर पुढे बोट काळे पडण्याची, पाय गमावण्याचीही वेळ येऊ शकते. त्याच रक्तवाहिन्यांचा आजार हृदयात आणि मेंदूतही असू शकतो. पावलावरची नाडी तपासणे आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहणे, एवढ्या साध्या तपासणीत हा आजार ओळखता येतो. तंबाखू कायमची सोडणे, औषधे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे चालणे यांनी अनेकांना चांगला फरक पडतो.

औषध आणि आजार

लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणि दम्याचे काही पंप यांमुळे काहींना गोळे येतात. औषध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, यकृताचा सिरॉसिस आणि डायलिसिस यांतही पेटके वाढतात. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तीस ते पन्नास टक्के स्त्रियांना ते येतात आणि प्रसूतीनंतर बहुधा थांबतात. पार्किन्सनच्या रुग्णाची बोटे पहाटे वळत असतील, तर रात्रीच्या औषधाचा प्रभाव ओसरणे हे कारण असू शकते. वेळापत्रक बदलून त्यात फरक पडतो. रात्री दुखत नाही, पण पाय सतत हलवावेसे वाटतात, ही तक्रार वेगळी असते. तिच्यामागे अनेकदा लोहाची कमतरता सापडते.

मग कॅल्शियम? ते खरोखर कमी झाले, तर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, दोन्ही हातांची बोटे वळतात. रक्त तपासून मगच ते घ्यावे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या महिनोन् महिने घेतल्याने रक्तातील कॅल्शियम घातक पातळीवर जाऊ शकते. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कांच्या पेटक्यांवर विशेष उपयोग होत नाही, असेच आजवरच्या अभ्यासांचे सार आहे. हिवतापावरचे क्विनाइन पूर्वी यासाठी दिले जाई. रक्तातील प्लेटलेट धोकादायकरीत्या घटणे आणि हृदयाचे ठोके बिघडणे या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याविरुद्ध वारंवार इशारे दिले आहेत. ते स्वतःहून कधीही घेऊ नये.

एकाच पायाला सूज आणि गरमपणा, पाय बारीक किंवा अशक्त होत जाणे, स्नायू सतत फडफडणे, लघवी चहासारखी गडद होणे, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये.

इतरांनी पंधरा दिवस एक साधी वही ठेवावी. किती वाजता गोळा आला, तेव्हा काय करत होतो, कोणता पाय, कोणती औषधे चालू आहेत. ठाण्याचे सिव्हिल असो, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, ओपीडीतील गर्दीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी थोडीच मिनिटे असतात. गोळ्यांच्या पाकिटांपेक्षा ही वही त्यांच्यासमोर ठेवली, तर ती मिनिटे सत्कारणी लागतील.