मारहाण एकच, कलमे वेगळी

ऑक्टोबर १८९६. मुंबईत प्लेग शिरला होता. घरातून उचलून नेलेला रोगी परत येत नाही, या भीतीने आणि संतापाने गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला. त्याने सरकारला रोग्यावर प्रचंड अधिकार दिले; पण रुग्णालयात राबणाऱ्यावर कोणी हात उगारला तर काय, याविषयी त्यात अक्षर नव्हते. ते यायला २०२० साल उजाडावे लागले.

आज कायदे आहेत. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार अशा हल्ल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मोडलेल्या उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई वेगळी. २०२० ची दुरुस्ती साथीच्या काळापुरती आहे: ३ महिने ते ५ वर्षे, आणि गंभीर दुखापत असेल तर ६ महिने ते ७ वर्षे.

शिक्षा कडक आहे. प्रश्न असा, की ती कोणाच्या पाठीशी उभी राहते? २०१० च्या कायद्यातील यादी वाचावी: डॉक्टर, परिचारिका, त्यांचे विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी. सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया हे शब्द तेथे नाहीत. त्यांना 'निमवैद्यकीय' धरायचे की नाही, हे आधी ठाण्यातला अंमलदार ठरवणार. ही माणसे बहुतांशी कोणत्या वस्त्यांतून येतात, हे या वाचकांना सांगायला नको.

समजा, रात्री अपघात विभागात रोगी दगावला. खाट नव्हती, औषध नव्हते. ज्याने ते पुरवायचे तो मंत्रालयात. मार मात्र दारातल्याला. डॉक्टरला थप्पड बसली तर अजामीनपात्र गुन्हा. तीच थप्पड फरशीवरचे रक्त पुसणाऱ्या बाईला बसली तर? ती कायम नोकरीत असेल तर लोकसेवक म्हणून तिला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२१ व १३२ चा आधार आहे. ठेकेदाराकडे असेल तर तेथेच वाद सुरू होतो आणि बहुधा कलम ११५(२) हाती उरते: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि तेही अदखलपात्र. एक चिठ्ठी हाती देऊन तिला घरी पाठवले जाते.

डॉक्टरांचे संरक्षण कमी करा, असे आमचे म्हणणे नाही. यादीत सफाई कामगाराचे, आयाचे, वॉर्डबॉयचे नाव घाला, कंत्राटी असो वा कायम, एवढीच मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी एक गोष्ट विसरू नये. अनुसूचित जातीच्या कामगाराला सवर्णाने लोकांसमक्ष जातीवरून शिवी दिली असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात ६ महिने ते ५ वर्षे शिक्षा आहे. फिर्यादीत ती शिवी जशीच्या तशी लिहून घ्यावी. 'अपशब्द वापरले' एवढ्यावर सही करू नये.