पितळेचं पातेलं, बाळाचं दूध आणि यकृताचे व्रण

दीड-दोन वर्षांचं मूल. पोट फुगलेलं, दिवसभर किरकिर, खाण्यावर वासना नाही. डॉक्टरांच्या हाताला यकृत मोठं आणि टणक लागायचं. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. कोलकात्याच्या डॉ. सेन यांनी १८८७मध्ये या आजाराची पहिली नोंद केली आणि नंतर त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिरोसिस’ हे नाव चिकटलं. त्याचं मूळ शोधण्याच्या कामात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांचा वाटा फार मोठा आहे. यकृताबद्दल आजही घरोघरी ठामपणे बोलल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या संशोधनापुढे टिकत नाहीत.

‘सिरोसिस? म्हणजे पीत असणार!’

ही मुलं काय पीत होती? दूध. सिरोसिस हे एका आजाराचं नाव नाही. यकृताला सतत इजा होत राहिली की तिथे व्रणाचे तंतू साठत जातात, त्याला फायब्रोसिस म्हणतात. सिरोसिस ही त्याची शेवटची पायरी. इजा दारूने होते, तशीच हिपॅटायटिस बी आणि सीच्या विषाणूंनी, लठ्ठपणा-मधुमेहासोबत येणाऱ्या फॅटी लिव्हरने किंवा शरीरात साठलेल्या तांब्या-लोहाने होते. ‘मी थेंबालाही शिवत नाही’ म्हणून तपासणी टाळणारे मधुमेही आपल्याकडे थोडे नाहीत. शिवाय सिरोसिस झालेल्या माणसाकडे संशयाने पाहिलं जातं ते वेगळंच.

‘आमच्या रक्तातच आहे’

एकाच घरातली दोन-तीन भावंडं दगावायची, त्यामुळे आजार आनुवंशिक असल्याची शंका येणं साहजिक होतं. बुरशीतलं विष, विषाणू, कुपोषण, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पण गंमत अशी, की हा आजार अगदी गरिबांपेक्षा मध्यमवर्गीय घरांत जास्त दिसायचा. मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांब्याचं प्रमाण प्रचंड होतं. ते आलं कुठून?

पुण्याच्या गटाने आयांना विचारलं, बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं आणि ते कशात तापवलं, कशात ठेवलं? आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध फार लवकर सुरू झालं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातलं होतं. हा निष्कर्ष १९८३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या प्रयोगांत कारणही दिसलं. दुधातलं केसिन हे प्रथिन भांड्याच्या धातूतलं तांबं ओढून घेतं. बाळ जन्मतःच यकृतात तांब्याचा साठा घेऊन येतं आणि पित्तावाटे तांबं बाहेर टाकण्याची त्याची यंत्रणा अजून कच्ची असते. आईच्या दुधात तांबं अगदी कमी असतं, म्हणून फक्त अंगावर पिणारं बाळ सुरक्षित राहतं.

मग रक्ताचा संबंध नाहीच? असेलही. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलांना असाच आजार झाला. तिथेही गाईचं दूध तांब्याच्या भांड्यात उकळलं जायचं. वंशावळी तपासल्यावर जनुकीय दोषाची शक्यता पुढे आली. भांडी बदलली आणि आजार थांबला. म्हणजे काही मुलांत दोष आधीपासून असावा, पण तो जागा केला तांब्याने. पुण्याच्या निष्कर्षावर शंकाही घेतल्या गेल्या, कारण काही रुग्णांच्या घरी पितळेचा पत्ता नव्हता. तरीही स्वयंपाकघरात स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. मला तरी हा पुरावा वजनदार वाटतो.

‘यकृत एकदा कडक झालं की संपलं’

हा गैरसमज सगळ्यांत घातक, आणि तो बराच काळ डॉक्टरांचाही होता. व्रण म्हणजे मेलेली, निर्जीव ऊती असं मानलं जायचं. १९८५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्कॉट फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतातल्या तारकापेशी वेगळ्या केल्या आणि कोलॅजेनचे तंतू मुख्यतः त्याच तयार करतात हे दाखवलं. एरवी या पेशी ‘अ’ जीवनसत्त्व साठवून निवांत असतात. यकृताला इजा झाली की त्या जाग्या होतात, साठा टाकून देतात आणि तंतू विणू लागतात. इजा थांबली, की त्यांतल्या काही मरतात, काही पुन्हा निवांत होतात, आणि साठलेलं कोलॅजेन विरघळवणाऱ्या विकरांना वाव मिळतो. यातलं पेशी मरणं आणि कोलॅजेन विरघळणं ब्रिटनमध्ये जॉन आयर्डेल यांच्या गटाने १९९८मध्ये उंदरांवर दाखवून दिलं.

माणसांत? पुण्याच्या मुलांना तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन दिलं गेलं. उशिरा आलेली, कावीळ आणि पोटात पाणी झालेली बरीच मुलं वाचली नाहीत. पण वेळेत औषध मिळालेल्यांपैकी अनेक जगली, आणि काहींच्या यकृताचा तुकडा काही वर्षांनी पाहिला तर तो जवळजवळ निरोगी दिसत होता! मोठ्यांचा पुरावा हिपॅटायटिस बीचा आहे. टेनोफोविर हे औषध पाच वर्षं घेतलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१३मध्ये आला. सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या यकृतात तो नंतर दिसला नाही.

याचा अर्थ सगळं परत फिरतं असा मुळीच नाही. पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या या पायरीवर पोचलेल्यांची वाट बिकट असते, काहींना प्रत्यारोपणच लागतं. तंतू विरले तरी कर्करोगाचा धोका पुरता जात नाही, म्हणून सोनोग्राफी चालू ठेवावी लागते. पण कारण दूर केल्याचा उपयोग नाही, हे म्हणणं चूक आहे.

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’

एलएफटी, म्हणजे यकृताची नेहमीची रक्ततपासणी, नॉर्मल असूनही फायब्रोसिस असू शकतो. वय, दोन विकरं आणि प्लेटलेट यांवरून काढला जाणारा ‘फिब-४’ हा आकडा आणि यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन यांतून जास्त अंदाज येतो. ‘लिव्हर टॉनिक’ मात्र फायब्रोसिस घालवतं असा भरवशाचा पुरावा नाही. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वाद राहू द्या, पण काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

‘जुनं ते सोनं’

तांब्या-पितळेची भांडी पुन्हा महागड्या दुकानांत मिरवू लागली आहेत. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं साधं पाणी निरोगी मोठ्या माणसाला सहसा बाधत नाही. दुधाची आणि तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. आपल्या आज्या कल्हईवाल्याची वाट पाहायच्या ते उगाच नाही. कथिलाचा तो पातळ थर धातू आणि अन्न यांच्यामध्ये उभा असायचा. कल्हई उडाली की पितळ उघडं पडतं, अगदी शब्दशः.

तेव्हा पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या. वरचं दूध स्टीलच्या पातेल्यात तापवा आणि त्यातच ठेवा. आणि घरात मधुमेही कुणी असेल, तर पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना ‘फिब-४’चा आकडा जरूर विचारा.