फंक्शनांचे नामकरण : एक भाषाशास्त्रीय विचार

कोणत्याही आज्ञावली-भाषेचे दोन भाग असतात. एक तिचा वाक्यविन्यास, आणि दुसरा तिच्याबरोबर येणारा तयार फंक्शनांचा साठा. या साठ्यास स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास 'प्रमाणसंग्रह' म्हटले आहे. यादी क्रमाने लावणे, मजकुरात एखादा शब्द शोधणे, नको ते वगळणे ही नित्याची कामे या साठ्यातील फंक्शने करतात. वाक्यविन्यास काही आठवड्यांत अंगवळणी पडतो. संग्रहातील नावांशी मात्र आज्ञावलीकाराचा संबंध कायमचा असतो. ही नावे कशी असावीत याविषयी संगणकशास्त्रज्ञांत पुष्कळ वाद होतात, आणि ते बहुधा हा शब्द बरा की तो, एवढ्यापुरते असतात. आमच्या मते हा प्रश्न शब्दसंग्रहाचा कमी आणि व्याकरणाचा अधिक आहे. नाव फसते ते प्रायः शब्दाचा अर्थ चुकल्यामुळे नव्हे, तर त्याचे व्याकरणिक रूप किंवा त्यातील कारकसंबंध अव्यक्त राहिल्यामुळे.

आखूड नावांचा काळ प्रथम बाजूस काढू. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकाने बाह्य नावांची केवळ पहिली सहा अक्षरे ओळखली जातील एवढीच हमी दिली होती. मजकुराची नक्कल करणारे, दोन मजकूर जोडणारे, त्यांची तुलना करणारे अशा फंक्शनांची नावे मोजून सहा रोमन अक्षरांची आहेत, ती याच अडचणीमुळे. १९९९ मध्ये ही मर्यादा एकतीस अक्षरांवर गेली. अडचण सरली, नावे राहिली. परंतु त्यांचा खरा दोष आखूडपणा नव्हेच. तुलना करणारे 'स्ट्रकम्प' हे फंक्शन दोन मजकूर समान असता शून्य देते, आणि सी भाषेत शून्य म्हणजे 'नाही'. नावातून प्रश्न ऐकू येतो तो 'हे दोन्ही सारखे आहेत काय?' असा, उत्तर मिळते ते नेमके उलट. नाव लांब केले असते तरी हा घोटाळा मिटला नसता.

आता रूपाचा प्रश्न. सी प्लस प्लस भाषेत 'एम्प्टी' नावाचे फंक्शन आहे. इंग्रजीत हा शब्द विशेषण आहे आणि क्रियापदही आहे. नवशिक्यास वाटते की त्याने साठा रिकामा होईल. प्रत्यक्षात ते साठा रिकामा आहे काय, एवढेच सांगते. रिकामा करण्याचे काम 'क्लिअर' करते. हा गैरसमज इतका रुळला की २०२० च्या प्रमाणकात, या फंक्शनाचे उत्तर न वापरता टाकून दिल्यास भाषांतरकाने इशारा द्यावा अशी खूण त्यास जोडण्यात आली. मराठीत हा विशिष्ट घोटाळा संभवत नाही. 'रिकामा' आणि 'रिकामा कर' ही रूपे कानालाच वेगळी लागतात.

इंग्रजीत विशेषण आणि क्रियापद यांचा भेद प्रत्ययाने दाखविता येतो, आणि अलीकडे त्याचा जाणीवपूर्वक उपयोग होऊ लागला आहे. पायथनमध्ये 'सॉर्ट' यादीलाच क्रम लावते आणि काही परत देत नाही. २००४ पासून तिच्यात असलेले 'सॉर्टेड' मूळ यादीस हात न लावता क्रम लावलेली नवी यादी देते. पहिले आज्ञार्थी, दुसरे भूतकालवाचक धातुसाधित. 'क्रम लाव' आणि 'क्रम लावलेली' हाच तो भेद. स्विफ्ट भाषेने तर याचा नियमच केला. पण तत्पूर्वी जे घडले ते बोधप्रद आहे. २०१५ च्या आवृत्तीत 'सॉर्ट' नवी यादी देत असे. २०१६ च्या आवृत्तीत तेच नाव मूळ यादी बदलू लागले, आणि नवी यादी देण्याचे काम 'सॉर्टेड'कडे आले. नियम चांगला असला तरी एकाच नावाचा अर्थ वर्षभरात उलटा करणे ही किंमत लहान नव्हे. जावास्क्रिप्टने २०२३ मध्ये जुन्या 'सॉर्ट'ला धक्का न लावता 'टूसॉर्टेड' असे नाव शेजारी आणून बसविले. ते दिसायला बेढब आहे खरे, तथापि आम्हांस हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

याहून गहन प्रश्न 'फिल्टर' या नावाचा आहे. या फंक्शनास एक यादी आणि एक कसोटी दिली जाते. कसोटीस उतरलेले घटक राहतात की जातात? नाव त्याविषयी मूक आहे. बहुतेक भाषांत ते राहतात. पण हे ठाऊक असावे लागते, नावातून कळत नाही. मराठी क्रियापदे या ठिकाणी काय करतात ते पाहणे उद्बोधक आहे, आणि त्यासाठी घाटंजीसारख्या कापसाच्या मुलखातील शेतकामाची भाषा उत्तम सामग्री पुरविते. 'कापूस वेचला' म्हणजे जे हाती आले ते घरी नेले. 'तांदळातले खडे वेचले' म्हणजे हाती आले ते फेकले. क्रियापद एकच. 'शेत निंदले' म्हटल्यावर शेत राहते आणि ज्याचा उल्लेखही झाला नाही ते तण जाते. 'चहा गाळला' तर गाळलेला चहा आपण पितो. 'यादीतून नाव गाळले' तर गाळलेले नाव नाहीसे होते.

'निवडणे' या क्रियापदाची गंमत याहून सूक्ष्म आहे. 'तांदूळ निवडले', 'मेथी निवडली', 'उमेदवार निवडला' या तिन्ही वाक्यांत कर्म राहते. तेव्हा वरवर पाहता क्रियापद निःसंदिग्ध आहे. परंतु कसोटी कोणाला लागते? उमेदवार निवडताना ती हव्या असलेल्याला लागते. तांदूळ निवडताना नजर खड्यांवर असते, बोटे खडाच उचलतात. म्हणजे कर्म राहते हे क्रियापद सांगते, पण कसोटी राहणाऱ्याचे वर्णन करते की जाणाऱ्याचे, हे ते सांगत नाही. 'फिल्टर'मधील संदिग्धता नेमकी हीच होय. स्मॉलटॉक भाषेने ती जोडीने सोडविली: 'सिलेक्ट' आणि 'रिजेक्ट'. रूबीनेही ही जोडी स्वीकारली. एकट्या नावाला जे सांगता येत नाही ते त्याचा प्रतियोगी शेजारी असला की आपोआप स्पष्ट होते. अर्थ भेदातून सिद्ध होतो या संरचनावादी सिद्धान्ताचे इतके नीटस उदाहरण वर्गात क्वचित देता येते. उलटपक्षी, सी प्लस प्लसमधील 'रिमूव्ह' हे फंक्शन प्रत्यक्षात काहीच काढून टाकीत नाही. ते हवे असलेले घटक पुढे सरकविते आणि नवी सीमा कोठे आहे ते सांगते. साठ्याची लांबी होती तीच राहते. तांदूळ निवडून खडे ताटाच्या कडेला ठेवावेत आणि ताट तसेच चुलीकडे न्यावे, तसा हा प्रकार आहे.

कारकांचा प्रश्न पीएचपी भाषेत उघडा पडतो. मजकुरात शब्द शोधणाऱ्या तिच्या 'स्ट्रपॉस' फंक्शनास आधी गवताची गंजी द्यावी लागते आणि मग सुई. यादीत घटक आहे काय हे पाहणाऱ्या 'इनअरे'स आधी सुई, मग गंजी. (सुई आणि गंजी हे शब्द आमचे नव्हेत, त्या भाषेच्या अधिकृत दस्तऐवजात ते याच अर्थी आहेत.) दोन्ही नावे समजण्यास सोपी, तरीही अनुभवी माणूस क्रम विसरतो, कारण कर्म कोणते आणि अधिकरण कोणते हे केवळ स्थानावर अवलंबून आहे. 'गंजीत सुई शोध' आणि 'सुई गंजीत शोध' या मराठी वाक्यांत क्रम बदलला तरी अर्थ ढळत नाही. सप्तमीचा '-त' तो धरून ठेवतो. स्मॉलटॉकमध्ये आणि पुढे स्विफ्टमध्ये प्रत्येक घटकामागे 'पासून', 'कडे', 'मध्ये' अशा अर्थाची खूणनावे लावण्याची सोय झाली, ती वस्तुतः विभक्तीच होय. पीएचपीतही २०२० पासून घटक नावानिशी देता येतात. पाणिनीय परंपरेने अपादान, करण, अधिकरण हे संबंध विभक्तिरूपांपासून वेगळे काढून त्यांना संज्ञा दिल्या. फंक्शनाचे नाव ठरविण्यापूर्वी रचनाकाराने त्याच्या घटकांची कारके लिहून काढावीत, अशी आमची सूचना आहे.

नामकरणाच्या मोठ्या व्यवस्थेचा अनुभव मराठीस नवा नाही. भाषा संचालनालयाचा १९६२ चा पदनामकोश त्यातील क्लिष्ट शब्दांमुळे टीकेचा विषय झाला. तथापि संचालक, सहसंचालक, उपसंचालक, सहायक संचालक या मालिकेत उपपद पाहताच पदाची पायरी कळते, आणि हीच उपपदे सचिवांपासून आयुक्तांपर्यंत चालतात. एक रूप, एक अर्थ, सर्वत्र. पुष्कळ प्रमाणसंग्रहांना एवढेही साधलेले नाही.

एकदा प्रसृत झालेले नाव मागे घेता येत नाही, हे या विषयातील सर्वांत कठोर तथ्य. यादीतील उपयाद्या सपाट करणाऱ्या फंक्शनास जावास्क्रिप्टमध्ये 'फ्लॅटन' हे सरळ क्रियापद योजिले होते. परंतु मूटूल्स नावाच्या जुन्या संग्रहाने ते नाव आधीच वापरले होते, आणि नवे फंक्शन आल्यास त्यावर उभी असलेली संकेतस्थळे मोडली असती. २०१८ मध्ये वाद झाला, आणि २०१९ च्या प्रमाणकात नाव आले ते 'फ्लॅट'. भोवतालच्या क्रियापदांत हे एकटे विशेषण!

२००८ पासून, म्हणजे पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, फंक्शनांची नावे देवनागरीत लिहिता येतात. मराठीतून आज्ञावली शिकविण्यासाठी कोणी छोटासा संग्रह रचावयाचे ठरविल्यास वरील प्रश्न त्यास टळणार नाहीत. त्यात मराठीचे म्हणून एक संकट वाढेल. आपला एकवचनी आज्ञार्थ म्हणजे नुसता धातू, आणि असे कित्येक धातू नामेही आहेत: शोध, जोड, निवड, वाढ. 'निवड' ही आज्ञा, की निवडून आलेला परिणाम? 'निवडा' म्हणावे तर पडद्यावरील तसली रूपे यंत्राने माणसास केलेली सूचना म्हणून वाचण्याची सवय झाली आहे. 'निवडणे' हे कृदन्त लांब असले तरी तूर्त निर्धोक दिसते. आणि 'फिल्टर'साठी कोणी 'गाळ' असे सुटसुटीत नाव सुचविलेच, तर वाचणाऱ्यास ती आज्ञा वाटेल, की तळाशी उरलेला चिखल?