खाते बदलावे, पण मोजून

दिवाळीच्या मुहूर्तावर वहीपूजन करताना आपण पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द शेजारी-शेजारी लिहितो. पेढीवरचा माल किती दिवस पडून आहे, कोणाची उधारी किती महिन्यांची झाली, याचा हिशेब आपल्या घरातील वडीलधारे वही न उघडताही सांगू शकतात. मात्र बँकेच्या खात्यात पडून असलेल्या रकमेने गेल्या वर्षी किती कमाई केली, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. माल पडून राहिला तर आपण अस्वस्थ होतो. पैसा पडून राहिला तर तो ‘बँकेत आहे’ एवढ्यावर समाधान मानतो. बचत खाते कुठे असावे, ते केव्हा बदलावे आणि जास्त दराच्या मागे किती जावे, हा प्रश्न म्हणूनच व्यापारी कुटुंबाने गांभीर्याने घ्यायला हवा.

दर वेगवेगळे का?

अनेक ज्येष्ठांच्या मनात आजही अशी समजूत आहे की बचत खात्याचा दर सगळीकडे सारखाच असतो. एकेकाळी ते खरे होते. हा दर रिझर्व्ह बँक ठरवीत असे. दीर्घकाळ तो ३.५ टक्के होता. मे २०११ मध्ये तो ४ टक्के झाला. एप्रिल २०१० पूर्वी तर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवरच व्याज मिळत असे. तेव्हापासून ते रोजच्या शिलकेवर मोजले जाऊ लागले. ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांना दिले. अट इतकीच की १ लाख रुपयांपर्यंतच्या शिलकेवर एका बँकेने सर्वांना एकच दर द्यावा. त्यापुढील रकमेला वेगळा दर देता येईल. येस बँकेने लगोलग ६ टक्के दर जाहीर केला, कोटक महिंद्रा बँकेनेही दर वाढवला, आणि ठेवीदारांसाठी स्पर्धा सुरू झाली.

पुढे स्मॉल फायनान्स बँका आल्या. त्यांच्याजवळ जुन्या बँकांसारखे शाखांचे जाळे वा पिढ्यान्‌पिढ्यांचे ग्राहक नव्हते, म्हणून ठेवी मिळवण्यासाठी त्यांनी अधिक दर देऊ केला. दुसऱ्या बाजूला, रेपो दर घटल्यानंतर जून २०२५ मध्ये स्टेट बँकेने बचत खात्याचा दर २.५० टक्क्यांवर आणला. मोठ्या बँकेकडे ठेवी आपोआप येतात, म्हणून तिला जास्त दर देण्याची निकड नसते. नव्या बँकेला असते. दरातील फरकाचे मूळ येथे आहे.

परदेशातील बक्षिसे

इंग्लंडमध्ये ही स्पर्धा आणखी पुढे गेली आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये तेथे चालू खाते बदलून देणारी देशव्यापी व्यवस्था सुरू झाली. ग्राहकाने नव्या बँकेला सांगितले की सात कामकाजी दिवसांत पगार, हप्ते आणि बिलांच्या सूचना नव्या खात्यावर येतात आणि जुने खाते बंद होते. जुन्या खात्यावर चुकून आलेली रक्कमही पुढे वळवली जाते. त्यामुळे तेथील बँका नव्या ग्राहकाला शंभर-दोनशे पौंडांचे रोख बक्षीस देऊ करतात. अट बहुधा अशी असते की ठरावीक मुदतीत ठरावीक रक्कम भरावी आणि किमान दोन बिलांची थेट वजावट नव्या खात्यातून सुरू करावी. लेस्टर वा लंडन येथे स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांकडून याविषयी आपण ऐकतो. अमेरिकेतही बँका असे बक्षीस देतात. तेथे ते व्याजाप्रमाणेच करपात्र उत्पन्न धरले जाते.

आपल्याकडे खाते असे आपोआप हलत नाही. प्रत्येक सूचना ज्याची त्याने बदलायची असते. त्यामुळे परदेशातील उत्साह जसाच्या तसा येथे आणता येत नाही. पण हिशेब करण्याची त्यांची सवय मात्र घेण्यासारखी आहे.

आधी कागदावर मांडावे

समजा, घरखर्चाच्या खात्यात वर्षभर सरासरी ३ लाख रुपये राहतात. २.५ टक्क्यांनी वर्षाला ७,५०० रुपये व्याज होते. ६ टक्क्यांनी १८,००० रुपये. फरक १०,५०० रुपयांचा. उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर कर आणि उपकर वजा जाता हाती सुमारे ७,२०० रुपये उरतात. जुन्या कररचनेत बचत खात्याच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजाला वजावट मिळते, ज्येष्ठांना ठेवींवरील व्याजासह ५०,००० रुपयांपर्यंत. नव्या कररचनेत ती नाही. एवढ्या रकमेसाठी दोन दिवसांचे कागदपत्र करणे योग्य आहे. पण सरासरी शिल्लक ४० हजारच असेल, तर वर्षाचा फरक १,४०० रुपये भरतो. त्यासाठी सगळ्या सूचना बदलण्याची दगदग करावी का, हे ज्याने त्याने ठरवावे.

जाहिरातीतील मोठा दर कोणत्या शिलकेला लागू आहे, हे अवश्य पाहावे. पुष्कळदा तो वरच्या टप्प्यातील रकमेलाच मिळतो, आणि पहिल्या लाखावर दर साधाच असतो. सरासरी मासिक शिल्लक राखण्याची अट, ती मोडल्यास दंड, कार्डाचे वार्षिक शुल्क आणि पहिल्या वर्षात खाते बंद केल्यास लागणारा आकार, हे सर्व वजा करून जो उरतो तो खरा लाभ. मुदत ठेव मध्येच मोडून दुसरीकडे नेताना तर दुहेरी घट येते: जितके दिवस ठेव राहिली तितक्याच मुदतीचा दर मिळतो, आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का कापला जातो.

व्यापाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पेढीच्या चालू खात्यावर व्याज देण्यास बँकांना मनाई आहे. तेथे हंगामाबाहेर पडून राहणारी रक्कम काहीही कमावत नाही. ठरावीक शिलकेपुढची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाण्याची सोय बँकेकडे मागावी. दुसरे, ज्या पेढीचे कॅश क्रेडिट आहे तिच्यासाठी सर्वांत चांगला दर दुसऱ्या बँकेत नसतो. कर्ज साडेनऊ टक्क्यांचे असेल, तर ३ लाख रुपये वर्षभर त्या खात्यात भरून ठेवल्याने २८,५०० रुपये व्याज वाचते. तीच रक्कम सहा टक्क्यांच्या बचत खात्यात १८,००० रुपये मिळवते. कर्ज डोक्यावर ठेवून बचतीचा दर शोधत फिरणे म्हणजे गळकी घागर भरण्यासारखे आहे.

पाच लाखांची रेषा

आता शुभाचा, म्हणजे सुरक्षिततेचा विचार. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला अवघे १,००० रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. परंतु मोठ्या ठेवींच्या परतफेडीची मुदत दहा वर्षांपर्यंत लांबली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांवरही असाच प्रसंग आला. ती बँक पुढे सारस्वत बँकेत विलीन झाली. २०११ मध्ये सहा टक्के देणाऱ्या येस बँकेच्या खातेदारांनाही मार्च २०२० मध्ये काही दिवस ५०,००० रुपयांची मर्यादा सोसावी लागली. ते निर्बंध पंधरवड्यात उठले आणि ठेवी सुरक्षित राहिल्या. जास्त दर देणारी प्रत्येक बँक डळमळीत असते, असा याचा अर्थ नाही. पण दर पाहणाऱ्याने विम्याची मर्यादाही पाहिली पाहिजे.

ठेवींचा विमा १९६२ मध्ये सुरू झाला तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ पासून ती १ लाख होती, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात, म्हणून मुद्दल साडेचार लाखांच्या आसपास थांबवणे शहाणपणाचे. एकाच बँकेच्या सर्व शाखांतील बचत, चालू आणि मुदत ठेवी एकत्र मोजल्या जातात. एकमालकीच्या दुकानाचे चालू खातेही मालकाच्या व्यक्तिगत खात्यातच मिळवले जाते, ही गोष्ट अनेक दुकानदारांना ठाऊक नसते. भागीदारी पेढीची ठेव मात्र वेगळी धरली जाते. त्याच बँकेचे आपल्यावर कर्ज असेल, तर ते आधी वजा होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पतसंस्थांतील ठेवींना हा विमा नाही. संचालक ओळखीचे आहेत, समाजातील आहेत, एवढ्यावर जन्माची कमाई एका पतसंस्थेत ठेवणे हा स्नेह असू शकतो, हिशेब नव्हे.

बदलण्याची रीत

खाते बदलायचे ठरल्यास आधी नवे उघडावे, जुने लगेच बंद करू नये. गेल्या बारा महिन्यांचा उतारा समोर घेऊन प्रत्येक नियमित व्यवहाराची यादी करावी: विजेचे बिल, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची मासिक गुंतवणूक, कर्जाचा हप्ता, मुलांची शाळेची फी, मंदिर वा पाठशाळेची वार्षिक देणगी. जीएसटी आणि आयकराच्या नोंदीत नवे खाते जोडावे, कारण परतावा नोंदलेल्या खात्यातच येतो. डीमॅट खात्याशी जोडलेले खाते बदलले नाही, तर लाभांश अडकतो. दुकानाच्या बिलांवर आणि क्यूआर फलकावर जुने खाते राहिले, तर गिऱ्हाइकाचे पैसे तिकडेच जात राहतात. वर्षातून एकदाच येणारे हप्ते लक्षात घेता जुने खाते काही महिने थोड्या शिलकेसह चालू ठेवावे, आणि मगच लेखी अर्ज देऊन बंद करावे. नुसते सोडून देऊ नये. दोन वर्षे व्यवहार झाला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते.

बक्षिसाच्या मोहाने नोकराच्या, आईच्या वा भाच्याच्या नावाने खाती उघडून ती आपण चालवणे हे मात्र सर्वथा टाळावे. कमिशन देतो, फक्त तुमचे खाते वापरू द्या, असे सांगणारी माणसे तरुणांना गाठतात, आणि फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो. पुढे पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावे येते. अचौर्य व्रत सांगणाऱ्या घरात याची जाणीव मुलांना वेळीच द्यायला हवी.

घरच्यांना ठाऊक असलेली वही

रक्कम चार बँकांत वाटली की धोका विभागला जातो, पण विस्मरणाचा धोका वाढतो. दहा वर्षे हक्क न सांगितलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम होती. ती कोणा ना कोणाच्या कष्टाची होती. फक्त घरच्यांना तिचा पत्ता नव्हता. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. नोंद झाल्यावरही ठेवीदार वा वारस हक्क सांगू शकतात.

म्हणून प्रत्येक नव्या खात्यासोबत तीन नोंदी व्हाव्यात: वारसाचे नाव, खात्याचा उद्देश आणि घरातील दुसऱ्या माणसाला दिलेली माहिती. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. खात्यांची यादी पत्नीला अथवा मुलाला वाचता येईल अशा अक्षरात लिहावी आणि दरवर्षी वहीपूजनाच्या वेळी ताडून पाहावी. जे खाते त्या यादीत बसत नाही, ते आपल्याला नको आहे असे समजावे.

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण आहे. ते कमाईला मनाई करीत नाही. किती आणि कशासाठी, हे आधी ठरवायला सांगते. बँकेच्या दरांकडे याच दृष्टीने पाहावे. पडून राहिलेला पैसा कामाला लावणे हा प्रमाद सोडणे आहे, आणि अर्ध्या टक्क्यासाठी झोप गमावणे हा लोभ आहे. या दोहोंमध्ये आपली मर्यादा कुठे आहे, ते ज्या घराने कागदावर लिहून ठेवले, त्या घराच्या वहीतले ‘शुभ’ आणि ‘लाभ’ एकमेकांना सोडून जाणार नाहीत.