साडेसहावी

किल्लारीला मी चिंचेसाठी गेले नव्हते. पण परतल्यावर आठ दिवस ओढणीला वास येत होता तो चिंचेचाच.

गेले होते एका अपूर्णांकासाठी. पुण्यात एका ओळखीच्यांकडे होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांची बैठक होती. शाळा मुलांचं कुतूहल मारते, मुलाला त्याच्या गतीने शिकू द्यावं, पालकांनी सूत्रं हातात घ्यावीत, असं सगळं बोलणं झालं आणि त्यातलं बरंचसं मला पटलंही. रात्री हे लातूरच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ती हसायलाच लागली. म्हणाली, "आमच्याकडे ये. किल्लारीत एक बाई आहे, ओट्यावर पोरं शिकवते. शिक्षण विचारलं तर सांगते, साडेसहावी."

पाव, अर्धी, पाऊण इयत्ता सांगणारं माणूस मला कधी भेटलं नव्हतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लातूरहून एसटीत बसले. औसा, लामजना आणि मग किल्लारी.

हे नवं किल्लारी. १९९३च्या भूकंपानंतर वेगळ्या जागी वसवलेलं. रस्ते रुंद आणि सरळ, घरं ओळीने, प्रत्येकाभोवती मोकळी जागा. कागदावर नकाशा सुंदर दिसत असणार. मे महिन्यातल्या दुपारी दोनला मात्र तो रुंद रस्ता ओलांडायचं जिवावर येतं. माझ्या आधी एक कुत्रं निघालं होतं, तेही अर्ध्यातून परत फिरलं.

लिंबाच्या सावलीतल्या ओट्यावर सात-आठ बाया चिंच फोडत होत्या. मार्चपासून मे संपेपर्यंत हे काम चालतं. व्यापारी पोती आणून टाकतो, बाया टरफल काढतात, शिरा ओढतात, चिंचोके पाडतात आणि किलोवर मजुरी घेतात. हातोडीचा ठेका एकसारखा, बोलणं त्याच्या मधल्या फटीतून. आणि तो वास, आंबट, थोडा कुबट, नाकात शिरला की जिभेला पाणी सुटावं असा. बायांच्या मध्ये पाच-सहा लेकरं बसली होती, त्यांच्यापुढे चिंचोक्यांचे ढीग.

मधली बाई पंचेचाळिशीच्या आतली. तिला सगळ्या आत्या म्हणत होत्या, वयाने मोठ्या होत्या त्यासुद्धा. तिच्या मांडीला टेकून बसलेला तिचा नातू यंदा पहिलीत जाणार. मुलगा आणि सून चाकणला कंपनीत, पोर आजीकडे.

आत्याने मूठभर चिंचोके त्याच्यापुढे टाकले. "किती हायती?"

"लई."

"लई म्हंजे किती?"

पोराने डोळे बारीक केले, ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वीस."

"मोज."

सतरा निघाले. तो हिरमुसला. आत्याने पाठीवर हात ठेवला, "जवळ आलास की. सकाळी पन्नास म्हणलालास." आणि पुन्हा मूठ भरली.

हे मी अर्धा तास पाहत होते. मूठ, अंदाज, मोजणी, पुन्हा मूठ. पोराचा अंदाज हळूहळू घट्ट होत गेला. पुण्यातल्या बैठकीत एका वडिलांनी याच कामासाठी बाहेरून मागवलेला लाकडी संच दाखवला होता. त्याला वास नव्हता.

ओट्यावरच्या ह्या बैठकीचं रीतसर नाव 'माता गट'. करोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. बालवाडीचं तोंडही न पाहिलेली मुलं पहिलीत येणार होती. म्हणून २०२२ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने 'प्रथम' संस्थेच्या साथीने 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान काढलं आणि त्याचा भार आयांवर टाकला. शाळेत मेळावा भरतो, मुलांच्या तयारीची नोंद विकासपत्रात होते, गल्लीतल्या आयांचा गट बनतो, एकीला लीडर माता करतात, दर आठवड्याला आयडिया कार्ड किंवा मोबाइलवर व्हिडिओ येतो, आया घरी तसं करून घेतात, शाळा उघडली की दुसरा मेळावा. इतकंच.

"भार टाकला" हे शब्द मी उगाच वापरलेले नाहीत. मैत्रिणीच्या शाळेतले एक गुरुजी सकाळी मला हेच म्हणाले होते. "आई शिकवते हे चांगलंच. पण उद्या कुणीतरी वरून म्हणेल, आया शिकवतातच तर दोन शिक्षक कशाला, एक पुरे." ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

ऊन कललं तसं आत्याने चार चिंचोके दगडावर घासले आणि उभे फोडून आठ फाका केल्या. एक बाजू काळी-तपकिरी, एक पांढरी. हे आमच्या आजोळचे फासे, मी ओळखले. पण आत्याने पट मांडलाच नाही. चार फाका मुठीत खुळखुळवून जमिनीवर टाकल्या.

"पांढऱ्या किती?"

"तीन."

"मग काळी किती?" हाताने फाका झाकून.

पोर बोटांकडे बघू लागलं. "एक."

पुन्हा टाकल्या. दोन पांढऱ्या, झाकल्या. "दोन." पुन्हा. चारही पांढऱ्या. पोर अडकलं. काळ्या किती? काळी तर नाहीच. नाही म्हणजे किती? शेजारच्या मुलीने हळूच सांगितलं, "कायबी नाही." आत्याने मान डोलावली. "त्यालाच शून्य म्हंतात."

मग पाच फाका, मग सहा. अंधार पडेपर्यंत त्या पोराला सहापर्यंतच्या सगळ्या जोड्या येऊ लागल्या होत्या. बेरीज हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी विचारलं, हे कार्डावर होतं का? "कार्डावर मणी व्हते. मणी कुटून आणावं? चिंचोके पायाखाली येलेत."

"तुम्ही शिकलात कुठे?"

"मी साडेसहावी," ती म्हणाली. नेहमीचंच उत्तर असल्यासारखी.

त्या साडेसहावीचा हिशोब तिने रात्री जेवताना सांगितला. १९९३च्या सप्टेंबरात ती सातवीत होती. २९ तारखेला अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून सगळे उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड, वर माळवदाची माती. थंडी-उन्हापासून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या त्याच भिंती आणि तेच माळवद अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिची आई गेली, थोरली बहीण गेली. "शाळा काई दिसानं पत्र्याच्या शेडात भरली. पण सैपाक कोण करावं? बापाला अन् भावाला मीच. म्हून जून, जुलै, आगस्ट, सप्टेंबर. तेवडीच सातवी."

चार महिने म्हणजे इयत्तेचा जेमतेम तिसरा हिस्सा. ती त्याला अर्धी धरते. ही सूट तिला कुणीही द्यावी.

त्या वर्षी ह्या मुलखातली कितीतरी पोरं शिकायला घराबाहेर गेली, कारण घर राहिलंच नव्हतं. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेली. पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभं केलं. ज्ञान प्रबोधिनी हराळीला आली आणि तिथे निवासी शाळा उभी राहिली. 'घरीच शिकू' म्हणायला आधी छप्पर लागतं आणि छपराखाली जिवंत माणूस लागतं, हे किल्लारीच्या पिढीला निराळं सांगावं लागत नाही. आत्याच्या वर्गातल्या दोन मुली अशा बाहेर गेल्या. एक नर्स आहे, एक पुण्यात मास्तरीण. "मला बाप व्हता म्हून मी राहिले," आत्या म्हणाली. मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या गावाच्या जागेकडे जाताना तिने एक गोष्ट सांगितली. ती मला नकाशापेक्षा जास्त काही सांगून गेली. "तिकडं गल्ली लई चिंगूळ. एका घरातून हाक मारली तर चार घरातून 'ओ' यायची. लेकरू कुणाच्याबी वसरीवर शिकायचं. कुणी पाढे म्हणायची, कुणी हरिपाठ. इकडं आलो अन् घरं लांब झाली. हाक रस्त्यातच जाती."

मला ओट्यावरच्या बाया आठवल्या. भूकंपात पडणार नाहीत अशी घरं सरकारने बांधून दिली, तेव्हा गल्ली बांधायची राहिली. ह्या बाया चिंच फोडायला एकत्र बसतात तेव्हा ती तेवढ्यापुरती बांधली जाते. पालकांनी शिक्षण हाती घेणं म्हणजे आपल्या घराचं दार लावून आपल्या एका मुलाला घडवणं, असं चित्र पुण्याहून येताना माझ्या डोक्यात होतं. इथे आत्याचा नातू शून्य शिकला तो शेजारणीच्या मुलीकडून.

शहरातल्या पालकांना हिणवायचं माझ्या मनात नाही. मुंबईच्या मालविका जोशीला आईने शाळेतून काढून घरी शिकवलं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने पदकं मिळवली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आयआयटीचं दार बंद होतं, अमेरिकेतल्या एमआयटीने २०१६ मध्ये तिला घेतलं. त्याही मागे जायचं तर पंडिता रमाबाई आहेत. शाळा न पाहिलेल्या रमाबाईंना आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकवलं, वडिलांनी त्याआधी लक्ष्मीबाईंना शिकवलं होतं, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हटलं. पण ह्या घरी शिकलेल्या बाईने पुढे काय केलं? १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. सावित्रीबाईंनाही जोतिरावांनी घरीच अक्षरं दिली आणि १८४८ मध्ये त्या भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. घरात मिळालेलं ह्या बायांनी शाळेत नेऊन वाटलं. ज्यांना घरी कुणी शिकवणारं नव्हतं अशा मुली त्यांना दिसत होत्या.

आपला शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकाचं कर्तव्य मानलं आहे. शाळा न करता पुढे बोर्डाला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. पण त्याच कायद्यातलं एक कलम पुण्यातल्या पालकांच्या बैठकीत कुणी काढलं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. सूत्रं हातात घ्यायची जागा कायद्याने आधीच ठेवली आहे. ती बहुतेक गावांत सहीपुरती उरते, हे खरं. आत्या मात्र गेल्या वर्षी समितीच्या बैठकीला गेली आणि मुलींच्या संडासाला पाणी का नाही, हे तिने विचारलं. पाणी आलं का, मी विचारलं. "टाकी आली," ती म्हणाली. "पानीबी येईल."

निघायच्या आधी माता गटाची यादी पाहायला मिळाली. नाव, गल्ली, मोबाइल, शिक्षण. आत्याच्या नावापुढच्या रकान्यात 'सातवी' लिहिलेलं आणि त्यावर आडवी रेघ. गुरुजींनी सांगितलं, ती रेघ आत्यानेच मारायला लावली. "म्हणाली, खोडा ते. माझा सातवीचा निकाल लागला नाही." अपूर्णांक लिहायला रकान्यात जागा नव्हती, म्हणून वर बारीक अक्षरात '६॥' लिहिलंय. जुन्या हिशोबातली ती दोन उभ्या रेघांची अर्धी खूण गुरुजींनाही यायची, ह्याचं मला बरं वाटलं.

परत आल्यावर पुण्याच्या ओळखीच्यांनी विचारलं, काय पाहिलंस? मी म्हटलं, मुलाशेजारी रोज तासभर बसणारं माणूस पाहिलं, आणि सकाळी त्याला शाळेच्या दारात सोडणारंही तेच. मला दोन्ही हवं वाटतं. शाळा वाईट आहे म्हणून ज्यांना ती सोडून देता येते त्यांनी खुशाल सोडावी, पण सोडताना त्या शाळेत मागे कोण राहिलं तेही मोजावं. लई म्हणू नये, मोजावं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. दुसऱ्या मेळाव्यात आत्याचा नातू दहापर्यंतच्या जोड्या फाका न बघता सांगत होता, असं मैत्रिणीने कळवलं. मी आत्याला फोन लावला, गट कसा चाललाय म्हणून.

गट बंद होता. पाऊस झाला होता, सोयाबीनच्या पेरणीला सगळ्या बाया शेतात गेल्या होत्या. "खुरपणी उरकली की बसू," ती म्हणाली. "चिंचोके ठिवलेत डब्यात."